खाडीवरच्या धक्क्याचं भूकंप-डिझाइन: साताऱ्यातून केलेल्या कामाच्या नोंदी

काम: कच्छच्या आखातातल्या एका खाडीवर मालवाहू जहाजांसाठी नवा बर्थ (जहाज लागण्याची जागा). आमच्याकडे आलंय ते पाईलवरच्या (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवरच्या) धक्क्याचं भूकंप-डिझाइन आणि सळयांचे नकाशे. ऑफिस पोवई नाक्याजवळ. समुद्र इथून डोंगर उतरून गेल्यावरच दिसतो, पण हिशोबाला त्याची अडचण नाही.

३ जून

फाइल आज आली. धक्क्याचा एक सुटा भाग ६० मीटर लांब, २५ मीटर रुंद. आडव्या दिशेने पाईलच्या पाच ओळी, ए ते ई. ए समुद्राकडे, ई जमिनीकडे. ओळींमधलं अंतर साडेपाच मीटर, लांबीत दर पाच मीटरला एक रांग. पाईल एक मीटर व्यासाचे, जागेवर ओतलेले. डेकखाली उतार, उतारावर दगडी पिचिंग. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहा मीटरांहून जास्त खालीवर होते, म्हणजे पुढच्या ओळीचा बराचसा पाईल रोज दोनदा ओला आणि दोनदा कोरडा.

भूकंप-विभाग पाचवा, आय.एस. १८९३ (भूकंप-डिझाइनचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे झेड, म्हणजे विभागाचा गुणक, ०.३६. त्या आवृत्तीतला हा सगळ्यात कडक आकडा.

क्लायंटच्या पत्रात एक ओळ आहे: मोठ्या भूकंपानंतर बर्थ ‘लवकर वापरात यावा’. सर म्हणाले, ही ओळ ठळक करून भिंतीवर लाव. मला ते पटलं. भूकंपात रस्ते खचतात, पूल बंद पडतात, त्या वेळी धान्य, तंबू, डिझेल, यंत्रं समुद्रमार्गानेच आणता येतात. २०१० च्या जानेवारीत हैतीत पोर्ट-ओ-प्रिन्सचा उत्तर धक्का पाण्यात गेला आणि ऐन गरजेच्या वेळी मदतीच्या जहाजांना लागायला जागा उरली नाही. इमारत पडली नाही म्हणजे ती पास झाली, असं आपण म्हणतो. धक्क्याला एवढ्यावर पास करता येत नाही.

५ जून

बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून घेतलेल्या थरांच्या नोंदी) वाचले. वर आठ-नऊ मीटर मऊ, काळी सागरी चिकणमाती. तिच्याखाली चार-पाच मीटर गाळमिश्रित बारीक वाळू, एन व्हॅल्यू (थर किती घट्ट आहे त्याचा आकडा) ९ ते १२. मग घट्ट माती, मग दाट वाळू.

मधला वाळूचा थर आजचा सगळा दिवस खाऊन गेला. आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या ते पाचव्या विभागासाठी पाच मीटर खोलीपर्यंत १५ आणि दहा मीटरच्या खाली २५ एन व्हॅल्यू असावी असं म्हटलंय. आपल्याकडे त्याच्या निम्मी. अकरा मीटर खोलीवर सीड-इद्रिस पद्धतीने हिशोब केला: एकूण दाब १९८ किलोपास्कल, परिणामी दाब (पाण्याचा दाब वजा करून) १००, म्हणून भूकंपाचं ताण-गुणोत्तर ०.४ च्या आसपास. बारीक कणांची सूट देऊनही वाळूची क्षमता त्याच्या निम्म्याला पोचत नाही. सुरक्षा गुणांक ०.५ च्या खाली.

म्हणजे हलायला लागल्यावर काही सेकंदांत वाळूच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढणार, कण एकमेकांवर टेकायचे थांबणार आणि तो थर काही काळ घट्ट रबडीसारखा होणार. वरची माती त्यावर तरंगत समुद्राकडे सरकायला मोकळी. पाईल मात्र या सगळ्यातून खाली गेलेले आहेत.

१० जून

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कांडला बंदरात काय झालं ते पुन्हा वाचलं. आपली जागा त्याच आखातातली, मातीही त्याच जातीची. तिथली बंदर आणि कस्टम्सची मनोऱ्यासारखी इमारत २२ मीटर उंच, ३२ पाईलवर उभी. पाईल वरच्या मऊ मातीतून जाऊन खालच्या वाळूत थांबलेले. वाळू द्रवली, जमीन खाडीकडे सरकली आणि इमारत जागेवरच एका बाजूला झुकली. ती कोसळली नाही. जुन्या जेटींच्या पाईलना तडे गेले.

या इमारतीचं मला फार महत्त्व वाटतं. तिला वरून कुणी ढकललेलं नाही. तिच्या पायाखालची जमीन निघून गेली. आपण कॉम्प्युटरवर डेकला आडवं बळ लावतो, पाईल तपासतो आणि काम झालं म्हणतो. ते बळ हा भूकंपाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग जमिनीची हालचाल. दोन्ही वेगवेगळे मांडायचे, नाहीतर दुसरा भाग हिशोबात येतच नाही.

सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग पाईल वाळूत थांबवायचा नाहीच. खालच्या दाट थरात नीट रुतव, आणि वाळूच्या दोन्ही कडांना वाकण किती येतं ते वेगळं काढ.”

११ जून

तिरके पाईल नकोत, हे ठरलं. क्लायंटच्या जुन्या नकाशात होते. जहाजाचा धक्का आणि दोराची ओढ घ्यायला तिरका पाईल स्वस्त आणि ताठ. भूकंपात तो ताठपणाच नडतो. सगळं आडवं बळ तोच ओढून घेतो आणि डेकला जिथे जोडलाय तिथेच तुटतो. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात ओकलंडच्या सेव्हन्थ स्ट्रीट टर्मिनलवर नेमकं हेच झालं. सगळे पाईल उभे.

१७ जून

पहिलं मॉडेल चाललं. पाईलची जाडी, सळई, काँक्रीट सगळ्या ओळींत सारखं. फरक फक्त मोकळ्या लांबीचा, डेकच्या तळापासून मातीत पाईल जिथे पक्का धरला जातो तिथपर्यंत. उतारामुळे ए ओळीला ती २० मीटर, मग १७, १४, ११ आणि ई ओळीला ८.

ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट्या प्रमाणात बदलतो. हे कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात, पण त्याचा खरा अर्थ अशा तक्त्यात कळतो:

ई ओळ: आडव्या बळाचा ५७ टक्के वाटा.
डी: २२ टक्के.
सी: ११ टक्के.
बी: ६ टक्के.
ए: ४ टक्क्यांहूनही कमी.

पाच ओळी उभ्या आहेत, पण भूकंप पेलतेय मुख्यतः शेवटची एकच. ताठपणाचं केंद्र ई ओळीपासून जेमतेम सव्वाचार मीटरवर, तर वजनाचं केंद्र डेकच्या मध्यावर. दोन्हींत ६.८ मीटरचा फरक. जमीन धक्क्याच्या लांबीच्या दिशेने हलली की हा भाग नुसता पुढेमागे होणार नाही, गोल फिरायला बघेल. टोकाच्या पाईलना दोन्ही दिशांची हालचाल एकत्र सोसावी लागेल. एका दिशेचं पूर्ण आणि दुसऱ्या दिशेचं ३० टक्के असं जोडून घेतलं.

नैसर्गिक कालावधी (धक्क्याच्या एका पूर्ण झुल्याला लागणारा वेळ) साधारण ०.८५ सेकंद.

१९ जून

डेकवरच्या मालाचं वजन भूकंपात किती धरायचं यावर सरांशी सकाळभर चर्चा. डिझाइनचं वजन चौरस मीटरला ५० किलोन्यूटन. आपला कोड त्याचं ५० टक्के धरायला सांगतो. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदराचे निकष १० टक्के धरतात. त्यामागचा विचार असा की सगळा धक्का एकाच वेळी पूर्ण भरलेला नसतो आणि असलेला माल डेकला घट्ट बांधलेला नसतो.

दोन्हींनी चालवून पाहिलं. पन्नास टक्क्यांनी एकूण वजन ६७,५०० किलोन्यूटन आणि आडवं बळ सुमारे ११,९००. दहा टक्क्यांनी वजन ३७,५००, पण बळ ८,४००. वजन ४४ टक्क्यांनी घटलं, बळ फक्त २९ टक्क्यांनी, कारण हलका धक्का जास्त चपळ होतो आणि स्पेक्ट्रमच्या (कालावधीनुसार भूकंपाचा जोर दाखवणाऱ्या आलेखाच्या) वरच्या पायरीवर जातो.

निर्णय: ताकदीची तपासणी कोडप्रमाणे ५० टक्क्यांवर. हालचालीची तपासणी दोन्हींवर, जो वाईट तो धरायचा. कोड सोडायचा प्रश्नच नाही.

२४ जून

आज ड्राफ्ट्समन दादांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर देताना माझंच डोकं साफ झालं. ते पाईलच्या वरच्या टोकाच्या, उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा नकाशात काढत होते. “मॅडम, पाईल वर वाकणार, सळई यील्ड होणार (ताणून कायमची वाकणार), हे तुम्हाला आधीच माहितीय. मग तिथं अजून सळया का घालत नाही? वाकणारच नाही असा करा की.”

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. पाईलचं डोकं जास्त ताकदवान केलं तर बळ कुठेतरी जाणारच. ते बीममध्ये जाईल, नाहीतर बीम-पाईलच्या सांध्यात, नाहीतर खाली मातीत दहा मीटरवर. बीम फुटला तर डेक बसतो. मातीत पाईल मोडला तर वरून काही दिसत नाही, आणि दिसलं तरी तिथे पोचता येत नाही. डोक्याशी, डेकच्या लगेच खाली मोडला, तर ओहोटीला होडी घालून माणूस बघून येतो, दुरुस्तीही करता येते. म्हणून मोडायची जागा आपण नेमून द्यायची: पाईलचं डोकं. तिथे सळई वाकू द्यायची, पण काँक्रीट फुटून बाहेर पडू द्यायचं नाही. ते रिंगा करतात. बाकी सगळं, बीम, सांधे, पाईलची कातर-क्षमता, त्या डोक्याच्या पुऱ्या ताकदीपेक्षा सव्वापट करायचं.

दादा म्हणाले, “म्हणजे कमजोर ठेवायचं नाही, आधी वाकणारं ठेवायचं.” मी वहीत तसंच लिहून घेतलं. पुढचे सगळे निर्णय याच एका वाक्यावर तपासून घेणार आहे.

३० जून, रविवार

उंब्रजवरून मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरला गेले. दादा पाटण तालुक्यातले; त्यांनीच चला म्हटलं. पाऊस नुकता धरलेला, घाटमाथा ढगात. नेहरू उद्यानातून धरण मधूनमधून दिसत होतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे जे झालं त्याने देशाचा भूकंपाचा नकाशा बदलला. तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, असा सगळ्यांचा समज. १०३ मीटर उंचीचं हे धरण ०.०५ च्या आडव्या गुणकावर डिझाइन केलेलं, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते योग्यच होतं. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) आणि नदीच्या दिशेने ०.४९ जी त्वरण नोंदलं. खालच्या गावांत सुमारे १८० माणसं गेली. दादांच्या आजीने सांगितलेलं त्यांना आठवतं: दगड-मातीच्या भिंती आत कोसळल्या, जड छपराखाली माणसं झोपेतच अडकली. त्यांच्या गावात ती रात्र अजून नावानिशी सांगतात.

धरण मात्र उभं राहिलं. तडे गेले ते वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, नेमके त्या पातळीला. नंतर मागून जाड टेकू देऊन ते मजबूत केलं.

मी बराच वेळ ती पातळी अंदाजाने शोधत होते. आकार, ताठपणा किंवा माती जिथे एकदम बदलते, नुकसान तिथेच गोळा होतं. कोबेच्या १९९५ च्या भूकंपात ताकाहामा धक्क्याचे लोखंडी पाईल डोक्याशी वाकलेच, पण काही खाली मातीतही चेपले गेले, मऊ थर संपून घट्ट थर लागतो त्या सीमेजवळ. आपल्या वाळूच्या थराला अशा दोन सीमा आहेत. सर म्हणाले होते त्या ‘दोन्ही कडा’ त्याच.

२ जुलै

कोयनेची ती नोंद जगभर वापरतात, धरणांच्या अभ्यासात तर हमखास. आपल्या जिल्ह्यातली आहे म्हणून नव्हे, तुलनेसाठी मी ती मॉडेलला लावून पाहिली. शिखर त्वरण ०.६३ म्हणजे आपल्या ०.३६ पेक्षा बरंच जास्त, तरी धक्क्याची हालचाल डिझाइन स्पेक्ट्रमच्या निम्म्याहूनही कमी आली.

कारण स्पष्ट आहे. कोयनेचा हादरा जवळचा, खडकावरचा, थोड्या सेकंदांचा, आणि त्याची बहुतेक ऊर्जा झटपट कंपनांत. धरणासारख्या ताठ रचनेला तो थेट लागतो. ०.८५ सेकंदाच्या लवचिक धक्क्याला कच्छसारखा मोठा, लांब चाललेला, मऊ मातीतून वर आलेला हादरा जास्त महाग पडतो. वाळू द्रवायलाही अनेक फेरे लागतात. लहान हादऱ्यात तेवढे फेरे होत नाहीत. ‘किती जी?’ एवढंच विचारून डिझाइन करणाऱ्याने हे दोन आलेख एकदा शेजारी ठेवून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

८ जुलै

या प्रकल्पातला सगळ्यात मोठा निर्णय आज झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या भूकंपात डेक सुमारे १२.७ सेंमी सरकतो असा हिशोब होता. ई ओळीचा पाईल (मोकळी लांबी ८ मीटर) ६ सेंमीला यील्ड होतो. ए ओळीचा ३७ सेंमीपर्यंतही होत नाही. म्हणजे ई ओळीला तिच्या यील्डच्या दुपटीहून जास्त ताणायचं, टोकाच्या पाईलना पीळ धरून त्याहून जास्त, आणि ए ओळ निवांत.

मनात पहिली येते ती गोष्ट म्हणजे ई ओळीचे पाईल जाड करायचे. ते केलं तर ती ओळ आणखी ताठ होते, आणखी बळ ओढते, केंद्र आणखी मागे जातं, पीळ वाढतो. जाड पाईल यील्डही लवकर होतो, कारण यील्डची वक्रता व्यासाच्या उलट्या प्रमाणात असते.

आम्ही उलट केलं. डेकच्या मागच्या कडेखालची जमीन दोन मीटर खाली उतरवली. ई ओळीची मोकळी लांबी ८ ची १० झाली. त्यानंतरचे आकडे:

ई ओळीचा वाटा ५७ वरून ४१ टक्क्यांवर.
दोन केंद्रांमधलं अंतर ६.८ वरून ५.२ मीटरवर.
कालावधी एक सेकंद.
आडवं बळ ११,९०० वरून सुमारे १०,१०० किलोन्यूटनवर.
डेकची हालचाल १२.७ वरून जवळपास १५ सेंमीवर.

हालचाल वाढली. पण ई ओळीचा यील्ड आता ९.३ सेंमीला येतो, म्हणून ताणाचं गुणोत्तर २.१ वरून १.६ वर आलं. धक्का जास्त हलतो आणि कमी मोडतो. बळाच्या हिशोबात हे कधीच दिसलं नसतं. ते हालचालीच्या हिशोबातच दिसतं. सर खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले, सगळे आकडे पुन्हा हाताने काढले आणि मग मान डोलावली.

९ जुलै

क्लायंटच्या इंजिनिअरांचा फोन. ‘जास्त हलणारा धक्का’ ऐकून काळजीत पडले. तक्ता पाठवला. दुपारी उत्तर आलं: मान्य, पण मागच्या भिंतीचा तपशील द्या.

१५ जुलै

आता दुसरा अर्धा भाग: जमीन.

सुधारणा न करता उताराची तपासणी केली. वाळू द्रवल्यावर तिची उरलेली ताकद धरली तर सुरक्षा गुणांक १ च्या खाली. म्हणजे हादरा थांबल्यावरही उतार स्वतःच्या वजनाने सरकत राहील. अशा वेळी पाईलनी जमीन अडवावी अशी अपेक्षा करणं मला मान्य नाही. काही मीटर जाडीची सरकती माती पाईल रोखू शकत नाही. कांडल्याच्या इमारतीने ते दाखवून दिलंय.

म्हणून स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत ठासलेले खडीचे खांब. वाळूच्या थरातून आरपार, खालच्या घट्ट मातीत टेकवलेले. ते तीन कामं करतात: आजूबाजूची वाळू दाबून घट्ट करतात, पाण्याला बाहेर पडायला वाट देतात आणि स्वतः ताठ उभे राहून ताण वाटून घेतात. आपल्या वाळूत बारीक कण १८ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नुसतं घट्ट करण्यावर विसंबता येणार नाही. कॉलम जवळजवळ घ्यावे लागतील आणि नंतर एन व्हॅल्यू पुन्हा मोजावी लागेल. ही अट नकाशावरच टाकली, म्हणजे ती निविदेत गळणार नाही.

पट्टा डेकच्या मागच्या भागाखाली आणि त्याच्यामागे जमिनीवर. सुधारणेनंतर न्यूमार्कच्या पद्धतीने उताराची कायमची सरक १० सेंमीच्या आसपास येते. तेवढी सरक पाईलवर मातीच्या बाजूने लादून वाळूच्या दोन्ही कडांवरचं वाकण काढलं. सळई तिथे यील्डच्या आत राहते. यासाठी पाईलच्या मधल्या लांबीतली सळई, जी एरवी आपण वाचवतो, पूर्ण खालपर्यंत न्यावी लागली. खर्च वाढला. मी त्यावर ठाम राहिले.

कामाचा क्रम नकाशावर मोठ्या अक्षरांत: आधी स्टोन कॉलम, मग ड्रेजिंग, मग पाईल. क्रम उलटला तर कॉलम बसवताना जमीन ढकलली जाऊन नवे पाईलच वाकतील.

२२ जुलै

मागची भिंत. जमीन दोन मीटर उतरवली म्हणून डेकच्या मागे एक छोटी रिटेनिंग भिंत आली. तिच्यावरचा भूकंपातला मातीचा दाब मोनोनोबे-ओकाबेच्या पद्धतीने. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये ती बसवली गेली आणि लहान भिंतीसाठी आजही पुरेशी आहे. भिंत आणि डेक यांच्यात २५ सेंमीची फट. डेक १५ सेंमी मागे आला तरी भिंतीवर आदळत नाही, आणि भिंत थोडी पुढे झुकली तरी डेकला ढकलत नाही.

कोबेत १७ जानेवारी १९९५ ला बहुतेक धक्के केसनचे होते, म्हणजे काँक्रीटच्या महाकाय पोकळ पेट्या भरावाला अडवून उभ्या. खालची मऊ माती काढून तिथे भरलेली वाळू आणि मागचा भराव दोन्ही सैल झाले. काही पेट्या पाच मीटरपर्यंत समुद्राकडे गेल्या आणि चारेक अंशांनी कलल्या. क्रेनचे पाय फाकले. पण त्याच बंदरात माया धक्क्याचा काही भाग मुद्दाम जास्त गुणकावर बांधलेला होता. तो फारसं नुकसान न होता वाचला आणि भूकंपानंतर लगेच उपयोगी पडला. सगळं बंदर वाचवणं शक्य नसेल तर निदान एक बर्थ नक्की वाचवायचा, हा निर्णय आधीच घेता येतो. आपल्या क्लायंटने ती ‘लवकर वापरात’ची ओळ लिहिली याचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

पण धक्का वाचून भागत नाही. मागचा भराव खचला तर ट्रक डेकवर चढणार कसा? ओकलंडमध्ये आणि कोबेत हे घडलं. म्हणून फटीवरून जाणारा अ‍ॅप्रोच स्लॅब. एक टोक डेकवर सरकतं टेकवलेलं, दुसरं भरावावर. भराव खचला तर स्लॅब तिरका होतो, पण खड्डा उघडा पडत नाही. वर खडी टाकून त्याच दिवशी वाहतूक सुरू करता येते. त्याची लांबी सहा मीटरची आठ केली.

२९ जुलै

आजची गोष्ट पुस्तकांत कमी सापडते आणि आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त लागू होते.

आम्ही मोडायची जागा पाईलच्या डोक्याशी नेमली. तीच जागा खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांची. क्लोराइड तिथे सगळ्यात जास्त आत जातं, सळई तिथेच आधी गंजते. पंचवीस वर्षांनी भूकंप आला आणि रिंगा तोवर गंजून बारीक झाल्या असतील तर कागदावरचं सगळं डिझाइन फोल. सळई वाकेल, पण काँक्रीटला धरून ठेवणारं काही उरणार नाही.

उपाय: ७५ मिमी कव्हर (सळईवरचं काँक्रीट), स्लॅगमिश्रित सिमेंट, कमी पाणी. डोक्यापासून दोन मीटरपर्यंत स्पायरल (सलग गुंडाळलेली रिंग), त्याच्या वेढ्यांमधलं अंतर आय.एस. १३९२० या मानकातल्या १०० मिमीच्या मर्यादेच्या आत, आणि हिशोबाला लागते त्याहून एक आकार जाड, गंजाची सोय म्हणून. जाड कव्हर भूकंपात आधी फुटून पडतं, म्हणून डोक्याची ताकद काढताना आतल्या गाभ्याचाच विचार केला.

दादांनी सांधा पूर्ण आकारात कागदावर काढला: पाईलच्या ३२ मिमीच्या सळया, बीमच्या दोन्ही दिशांच्या सळया, स्पायरल. काँक्रीट उतरायला जागाच उरत नव्हती. बीमची रुंदी १५० मिमी वाढवली. साइटवर गज वाकवणाऱ्या माणसाला ते बसवता आलं पाहिजे. नाहीतर रिंगा शेवटी कुठेतरी बाजूला सरकवल्या जातात आणि त्याची कुठे नोंद होत नाही.

५ ऑगस्ट

शेजारच्या दोन भागांमधले सांधे. लांबीच्या दिशेने मोकळे, आडवे मात्र शिअर कीने (आडवं सरकणं अडवणाऱ्या खाचेने) अडकवलेले, म्हणजे प्रत्येक भाग आपापला पीळ घेणार नाही, शेजारी त्याला धरतील. क्रेनचे दोन्ही रूळ एकाच डेकवर ठेवले. मागचा रूळ वेगळ्या पायावर ठेवण्याचा पर्याय खर्चात बरा होता, पण मग दोन रुळांमधलं अंतर भूकंपात बदलतं. तो नाकारला.

आगीच्या पाण्याची पाइप मागच्या फटीवरून जाते. तिथे लवचिक जोड, ३० सेंमी हालचालीचा. भूकंपानंतर आग लागते, आणि पाइप नेमकी अशाच सांध्यावर तुटते.

१२ ऑगस्ट

नकाशे गेले. सोबत एक पान वेगळं जोडलंय: भूकंपानंतर काय बघायचं.

पहिल्या ओहोटीला होडीने डेकखाली जायचं. ई ओळीच्या टोकाच्या पाईलपासून सुरुवात, कारण पीळ तिथे जास्त. कव्हर फुटलंय की गाभ्यापर्यंत तडा आहे, ते वेगळं नोंदवायचं: नुसतं कव्हर फुटलं असेल तर बर्थ कमी वजनावर सुरू ठेवता येतो, स्पायरल तुटलं असेल तर नाही. मग मागची फट दोन्ही टोकांना मोजायची. ती सारखी नसेल तर धक्का फिरलाय. मग रुळांमधलं अंतर. खाली मातीत पाईल मोडलाय का हे कळावं म्हणून दर तिसऱ्या रांगेत एका पाईलमध्ये तळापर्यंत नळी सोडायला सांगितलीय. तिच्यातून कलमापक उतरवता येतो. त्याचं पहिलं मोजमाप बांधकाम संपताच घेऊन ठेवायचं, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार.

डेकवर आणि मागच्या जमिनीत मिळून दोन त्वरणमापक बसवावेत अशी शिफारस केली आहे. कोयनेच्या गॅलरीत ते एक यंत्र होतं म्हणून आजही त्या पहाटेचा हिशोब मांडता येतो. क्लायंटने ही शिफारस खर्चाच्या यादीत घेतलीय की नाही, ते पुढच्या बैठकीत विचारायचं.